तारकाचिन्हांचा आलेख : टिफ्रॅकच्या पडद्यापासून शिरोलीच्या भट्टीपर्यंत

धागा लांब आहे. सवड काढून वाचावा. शक्य असल्यास संगणक शेजारी ठेवून वाचावा.

१९६२ हे वर्ष महाराष्ट्राच्या औद्योगिक आणि वैज्ञानिक इतिहासात तीन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १५ जानेवारीला मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि तेथे चालू असलेल्या स्वदेशी गणकयंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली ‘एमआयडीसी’, स्थापन झाले. १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी केले. या तिन्ही घटना त्या काळी परस्परांशी असंबद्ध वाटल्या असतील. आज मात्र पंचगंगेच्या पुलापलीकडे शिरोली एमआयडीसीत एखाद्या ओतशाळेतील तरुण अभियंता संगणकासमोर बसतो, तेव्हा यंत्र, कारखाना आणि विद्यापीठ हे तीनही धागे त्याच्या हातात असतात.

या धाग्याचा विषय संगणकावरील एक अत्यंत साधे साधन आहे : आज्ञा टंकून चालवायचा, अक्षरांनीच उत्तर देणारा आणि अक्षरांनीच आलेख काढणारा शास्त्रीय गणक. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर तारकाचिन्हांची एक रांग वर चढते, खाली उतरते, आणि तीच आपली वक्ररेषा. हे साधन असे का घडले, हे समजल्याशिवाय ते वापरायला घेतले तर ते विक्षिप्त वाटते. म्हणून आधी इतिहास, मग हात घालणे.

आलेखाच्या आधी कोष्टक होते. एखाद्या राशीबरोबर दुसरी राशी कशी बदलते हे सांगण्याची आपल्याकडील जुनी पद्धत म्हणजे कोष्टक. ज्योतिषग्रंथांतील ज्या-कोष्टके सर्वांना ऐकून ठाऊक असतात. मराठीत या परंपरेचा आधुनिक टप्पा केरो लक्ष्मण छत्रे यांच्यापाशी येतो. त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली प्रसिद्ध झाले. छत्रे हे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू. पाश्चात्त्य वेधांवर आधारलेली ग्रहगणिते त्यांनी मराठी पंचांगकर्त्याला वापरता येतील अशा रूपात आणली. त्याने आकडा शोधायचा, शेजारचा आकडा घ्यायचा, मधले अंतर प्रमाणाने भरून काढायचे. ही ‘मधले अंतर भरून काढण्याची’ क्रिया ध्यानात ठेवावी. पुढे आपला सगळा घोटाळा तिथेच होणार आहे.

कोष्टकाचे राज्य किती चिवट आहे हे पाहायचे असेल तर बारावीच्या परीक्षागृहात डोकवावे. महाराष्ट्र मंडळाच्या विद्यार्थ्याला तेथे गणकयंत्र नेता येत नाही, लॉगॅरिदमचे कोष्टक मात्र चालते. नेपियरने १६१४ साली मांडलेली कल्पना चारशे वर्षांनंतरही आपल्या भौतिकशास्त्राच्या पेपरात गुणाकाराची बेरीज करीत बसली आहे. याला मागासलेपण म्हणणारे बरेच आहेत. मला तसे वाटत नाही. कोष्टक वापरणाऱ्याला उत्तराचा अंदाज आधीच बांधावा लागतो, दशांशचिन्ह कुठे पडेल हे डोक्यात ठेवावे लागते. ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

आता कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, आणि पाण्याबरोबर ऊस आला. उसाला पाणी उपसायला इंजिने लागली, गुऱ्हाळांना चरक लागले. उद्यमनगरातील छोट्या कारखान्यांतून ऑइल इंजिने तयार होऊ लागली ती याच गरजेतून. इंजिन म्हटले की सिलिंडर, फ्लायव्हील, बेड. म्हणजे बिडाचे ओतकाम आलेच. शहराच्या पोटात हे काम मावेना, तेव्हा ते महामार्गाकडेला शिरोलीत, नंतर गोकुळ शिरगावात आणि पुढे कागल-हातकणंगले वसाहतीत पसरले. आज कोल्हापूर परिसरातील ओतशाळांची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते. मोटारींचे, ट्रॅक्टरांचे, पंपांचे भाग येथून देशभर आणि देशाबाहेरही जातात.

ओतकाम हे बाहेरून पाहणाऱ्याला घामाचे आणि धुळीचे काम दिसते. प्रत्यक्षात त्यात पावलोपावली गणित आहे. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा करावा लागतो. जुन्या पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच मुळात आकुंचन धरून आखलेली असे. भट्टीत भंगार किती, पिग आयर्न किती, फेरोसिलिकॉन किती, याचा हिशेब प्रत्येक घाण्याला करावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे कार्बन-तुल्यांक : कार्बनच्या टक्केवारीत सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्या बेरजेचा एक तृतीयांश मिळवायचा. तो ४.३ च्या आसपास आला की धातू सर्वांत कमी तापमानाला, एकाच टप्प्यात गोठते.

पण आकडा पुरत नाही; येथे आलेखच लागतो. वितळलेल्या बिडाचा नमुना वाळूच्या छोट्या पेल्यात ओततात. पेल्यात तापमान मोजणारी तार असते. ल शातलिए याने १८८६ च्या सुमारास प्लॅटिनम व ऱ्होडियमची जोडतार उपयोगात आणली, रॉबर्ट्स-ऑस्टिनने तिच्या साहाय्याने १८९७ साली लोह-कार्बन आकृतीचा पहिला आराखडा काढला; शिरोलीतला हा पेला त्याच घराण्यातला. धातू थंड होत जाते तसे तापमान उतरते, मग एके ठिकाणी थबकते, पुन्हा उतरते आणि सुमारे ११५० अंशांच्या आसपास दुसऱ्यांदा थबकते. या दुसऱ्या थांब्यावर एक बारीकशी गंमत घडते. तापमान आधी थोडे जास्तच खाली जाते आणि मग गोठण्याची उष्णता बाहेर पडल्यामुळे काही अंश पुन्हा वर चढते. हा खळगा उथळ असेल तर कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या रूपात बाहेर पडतो, काम चांगले होते. खळगा फार खोल गेला तर कार्बन लोखंडाशी संयोग पावून कठीण कार्बाइड बनतो. ओतीव भाग फोडून पाहिला तर कडा पांढऱ्या दिसतात, आणि लेथवर चढवला की टूल तुटते. एक घाणा, एक पाळीची मजुरी आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, एवढे सगळे त्या पाच-दहा अंशांच्या खळग्यात असते.

म्हणून प्रश्न असा : हा खळगा दाखवणारा आलेख कमीत कमी साधनांत कसा काढायचा?

हाच प्रश्न वेगळ्या रूपात टिफ्रॅकच्या रचनाकारांपुढे होता. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी १९५४ पासून आधी एक प्रायोगिक यंत्र उभे केले आणि मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र सुरू झाले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर ती आजच्या मापाने दहा किलोबाइट भरते. तुमच्या भ्रमणध्वनीवरील एक साधे छायाचित्र याच्या कित्येक पट मोठे असते. तरीही या यंत्राला ऋणाग्रकिरण नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर अक्षरे व आलेख दोन्ही उमटत. देशातील पहिला संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याआधीच आला होता, पण तो इंग्लंडहून आणलेला. टिफ्रॅक इथेच बांधलेला. मुंबईतल्या या यंत्राला जन्मतःच आलेख काढता येत होता, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवी होती.

परंतु असा पडदा बहुतेकांच्या नशिबी नव्हता. १९६० च्या दशकात जगभरच्या विद्यार्थ्यांपुढे जे आले ते दूरटंकयंत्र : टंकलेखकासारखा कळफलक, कागदाची गुंडाळी, सेकंदाला दहा अक्षरे आणि ओळीला बहात्तर. १ मे १९६४ रोजी अमेरिकेतील डार्टमथ येथे केमेनी आणि कुर्ट्झ यांची बेसिक ही भाषा प्रथम चालली, तीही अशाच यंत्रांवर. या कागदावर वक्ररेषा काढायची युक्ती विद्यार्थ्यांनी चटकन शोधली. कागद वर सरकत जातो, मागे येत नाही. तेव्हा क्ष-अक्ष आडवा न धरता उभा धरायचा. क्ष ची एक किंमत म्हणजे एक ओळ. त्या ओळीत फलाच्या किमतीइतक्या रिकाम्या जागा सोडायच्या आणि एक तारा ठोकायचा. उदाहरणार्थ तीस अधिक पंचवीस गुणिले साइन, एवढ्या जागा सोडल्या की कागदावरून एक नागमोडी वाट उतरू लागते. आलेख वाचायचा तर मान वाकडी करायची किंवा कागद फिरवायचा.

दुसरीकडे युनिक्स या प्रणालीत गणकांची वेगळी जोडी वाढत होती. रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांचा ‘डीसी’ हा युनिक्सवरील सर्वांत जुन्या कार्यक्रमांपैकी एक. तो सी भाषेच्याही आधीचा. त्यात आधी संख्या द्यायच्या आणि क्रिया शेवटी : ‘२ ३ +’. इंग्रजी वळणाच्या माणसाला हे उलटे वाटते. मराठी माणसाला वाटू नये. ‘दोनात तीन मिळव’ या आपल्या वाक्यात क्रियापद शेवटीच आहे! १९७२ साली ३९५ डॉलरना विकायला आलेला एचपी-३५ हा खिशातला पहिला शास्त्रीय गणक याच क्रमाने चालत असे. १९७५ च्या सुमारास त्याच दोघांनी ‘बीसी’ आणला, ज्यात नेहमीसारखी समीकरणे लिहिता येतात. आणि १९८६ मध्ये थॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी आलेखांसाठी ‘नूप्लॉट’ लिहिला. नावावरून तो ग्नू प्रकल्पाचा वाटतो, पण नाही. एकाला ‘लामाप्लॉट’ हवे होते, दुसऱ्याला ‘एनप्लॉट’, आणि तडजोडीतून हे नाव निघाले. त्याच्या एक वर्ष आधी कॅसिओचा एफएक्स-७०००जी हा आलेख काढणारा हातातला गणक आला होता. त्याच्या पडद्यावर ९६ गुणिले ६४ ठिपके होते.

आता हात घालू या. ‘बीसी’ आणि ‘नूप्लॉट’ दोन्ही फुकट मिळतात आणि कपाटात धूळ खात पडलेल्या जुन्या संगणकावरही सुखाने चालतात. ओतशाळेच्या कचेरीत असा एखादा संगणक बहुधा सापडतोच. खालील आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टंकताना त्या अर्थात रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

प्रथम ‘बीसी’. नुसते बीसी म्हणून सुरू केले आणि १०/३ विचारले, तर तो ३ म्हणतो. त्याचे काही चुकलेले नाही. दशांशस्थळे किती हवीत हे तुम्ही सांगितले नाही, म्हणून त्याने शून्य धरली. ‘बीसी -एल’ असे सुरू केले की वीस दशांशस्थळे मिळतात आणि साइन, कोसाइन, लॉगॅरिदम यांची फलेही हाती येतात. १ ची व्यस्त स्पर्शज्या काढून ४ ने गुणली की पाय मिळतो. पहिल्या दिवशी हे करून पाहावे, समाधान वाटते.

मग ‘नूप्लॉट’. सुरू केल्यावर पहिली आज्ञा ‘सेट टर्मिनल डंब’. डंब म्हणजे मुका. चित्र न जाणणारा, फक्त अक्षरे उमटवणारा पडदा. दूरटंकयंत्राचा हा वारसा. मग ‘प्लॉट साइन(एक्स)’. ७९ स्तंभ आणि २४ ओळी यांच्या चौकटीत तारकाचिन्हांची लाट दिसेल. दुसरे फल स्वल्पविराम देऊन जोडले तर त्याची रेषा वेगळ्या चिन्हाने येते.

येथे नवख्याला तीन ठेचा ठरलेल्या आहेत. पहिली : ‘प्रिंट साइन(३०)’ विचारले तर अर्धा येत नाही, उणे ०.९८८ येते, कारण कोन रेडियनमध्ये धरला जातो. ‘सेट अँगल्स डिग्रीज’ म्हणावे लागते. दुसरी : घात दाखवायला टोपीचे चिन्ह वापरू नये. ‘२^३’ चे उत्तर येथे ८ नसून १ येते. कारण ते चिन्ह द्विमान अंकांवरील एका तार्किक क्रियेसाठी राखले आहे. घातासाठी फोर्ट्रानच्या रिवाजाप्रमाणे दोन तारे : ‘२**३’.

तिसरी ठेच सर्वांत घातक, आणि ती शिरोलीच्याच उदाहरणाने सांगतो. समजा नमुन्यात कार्बन ३.४ टक्के, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६. कार्बन-तुल्यांक ३.४ + २.१६/३, म्हणजे ४.१२. आता कोणी सूत्र पुस्तकातल्या क्रमाने ‘३.४ + १/३*(२.१+०.०६)’ असे टंकले, तर उत्तर येते ३.४. कारण १ आणि ३ दोन्ही पूर्णांक आहेत, पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच होतो आणि १/३ शून्य ठरतो. सिलिकॉन आणि फॉस्फरस दोन्ही हिशेबातून गुपचूप गळून पडतात. चुकीचा संदेश नाही, घंटा नाही. हे उत्तर खरे मानून कोणी भट्टीत कार्बन वाढवला तर तो धातूचा पुरता नास करील. उपाय एवढाच, की ‘१.०/३’ लिहावे. आणि लॉग-कोष्टकाची सवय असलेला माणूस येथे वाचतो, कारण उत्तर चारच्या पुढे यायला हवे हे त्याच्या डोक्यात आधीच असते.

आता पुन्हा त्या ‘मधले अंतर भरून काढण्याकडे’. ‘प्लॉट साइन(३१*एक्स)’ अशी आज्ञा द्यावी. उणे १० ते १० या पट्ट्यात हे फल जवळजवळ ९९ लाटा पूर्ण करते. पडद्यावर मात्र डावीकडून उजवीकडे शांतपणे चढत जाणारी एकच रेषा दिसते. लाटा गेल्या कुठे? कार्यक्रम त्या पट्ट्यात फक्त १०० ठिकाणी फलाची किंमत काढतो आणि मधले अंतर सरळ रेषेने जोडतो. प्रत्येक दोन ठिकाणांच्या मध्ये जवळजवळ एक पूर्ण लाट येऊन जाते आणि त्याला पत्ताच लागत नाही. ‘सेट सॅम्पल्स १०००’ म्हटले की पडदा ताऱ्यांनी गच्च भरतो. तोही वाचता येत नाही, पण निदान खोटे बोलत नाही. छत्र्यांच्या कोष्टकात अंतर किती ठेवावे हा प्रश्न होता, तोच येथे आहे.

ओतशाळेतील शीतन-वक्रावर याचा परिणाम सरळ होतो. पेल्याची मोजमापे दोन रकान्यांच्या साध्या धारिकेत ठेवावीत, एका रकान्यात सेकंद, दुसऱ्यात अंश. ‘प्लॉट’ पुढे धारिकेचे नाव आणि ‘विथ लाइन्स’ म्हटले की वक्र येतो. पण १३५० पासून १०५० पर्यंतचे तीनशे अंश वीसेक ओळींत बसवले, तर एक ओळ पंधरा अंशांची झाली. पाच-दहा अंशांचा खळगा त्यात दिसणारच नाही. तारे एका सरळ ओटीवर बसलेले दिसतील आणि पाहणारा म्हणेल, सगळे ठीक आहे. ‘सेट वायरेंज [११३०:११६०]’ अशी मर्यादा घातली की एक ओळ दीड अंशाची होते आणि खळगा उघडा पडतो. महागड्या, रंगीत आलेखातही हीच चूक होते. फक्त तेथे रेषा गुळगुळीत असल्यामुळे संशय येत नाही. ताऱ्यांच्या आलेखाचा खडबडीतपणा मला याच कारणाने आवडतो. त्याची एक पायरी केवढी आहे, हे तो लपवीत नाही.

शेवटी एक गृहपाठ. १९४० साली स्कोडा कारखान्याचे अभियंता निकोलस ख्वोरिनोव्ह यांनी नियम मांडला : ओतीव भाग गोठायला लागणारा वेळ हा त्याचे घनफळ भागिले पृष्ठफळ या राशीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या; घनफळ १,०००, पृष्ठफळ ६००. आता तेवढ्याच धातूची २५ गुणिले २० गुणिले २ सेंटिमीटरची पाटी घ्या, पृष्ठफळ १,१८०. पहिल्याचे गुणोत्तर १.६६७, दुसरीचे ०.८४७. वर्ग करून भागा : घन गोठायला पाटीच्या जवळजवळ ३.८७ पट वेळ लागतो. साच्यावर बसवलेला रायझर ओतीव भागापेक्षा उशिरा गोठला पाहिजे, नाहीतर आकसणाऱ्या धातूला भर मिळत नाही आणि आत पोकळी राहते. म्हणूनच रायझर जाडजूड, बुटका असतो. पाटीचे घनफळ १,००० कायम ठेवा, फळी चौरस धरा, जाडी एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत बदलत न्या आणि गुणोत्तराच्या वर्गाचा आलेख ‘डंब’ पडद्यावर काढा. सूत्र लिहिताना सर्व संख्यांना दशांशचिन्ह द्यायला विसरू नका. वक्र सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि दहाच्या जवळ येताना त्याचा चढ मंदावतो. तो का मंदावतो, हे आलेख पाहूनच सांगता येते का ते बघा.